ऊन कुठल्या बाजूला येईल?

पुण्याहून विमानाने कुठेही जायचं ठरलं की आमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी मला फोन करतंच, आणि प्रश्न ठरलेला, ए घेऊ का एफ? म्हणजे डावीकडची खिडकी का उजवीकडची. विचारणाऱ्याला उत्तर एका अक्षरात हवं असतं, कारण समोर वेब चेक-इनचं पान उघडं असतं आणि सीटा पटापट जात असतात. मी मात्र उलटा प्रश्न टाकतो, फ्लाइट किती वाजताची आहे? इथून वैताग सुरू होतो. अरे वेळेचं काय घेऊन बसलास, समुद्र कुठून दिसतो ते सांग, डोंगर कुठल्या बाजूला ते सांग. पण माझ्या मते आधी ऊन बघायचं, डोंगर मग. सूर्य ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी घ्यायची, आणि त्या बाजूला काही विशेष नाही असं सगळं जग सांगत असलं तरी तीच घ्यायची. हे माझं मत आहे आणि त्यावरून मी घरी-दारी भरपूर ऐकून घेतलंय.

कारण अगदी साधं आहे. विमानाची खिडकी ही काच नसतेच, ते ॲक्रिलिक असतं, एकापाठोपाठ एक असे तीन थर, आणि त्यातला आपल्या बाजूचा थर हजारो लोकांनी डोकं टेकून, नखं मारून, पोरांनी चाटून घासलेला असतो. सूर्य त्या बाजूला आला की हे सगळे ओरखडे एकदम पेटतात आणि बाहेर धुरकट पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. सावलीच्या बाजूला तीच खिडकी बऱ्यापैकी स्वच्छ वाटते. मधल्या थराला खाली एक बारीकसं भोक असतं बघा, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ठेवलेलं, त्याच्याभोवती वर गेल्यावर बर्फाचे बारीक काटे जमतात. ते काटे एकेक सुटे दिसायला लागले की समजायचं आपण योग्य बाजूला बसलोय. उन्हाच्या बाजूला तिथे नुसता चकचकीत डाग असतो. दुसरं म्हणजे धुकट हवा. आपल्याकडे दिवाळीनंतर हवेत जे काय लोंबकळत असतं त्याच्याकडे उन्हाच्या दिशेने बघितलं तर दुधासारखं दिसतं, ऊन पाठीशी ठेवून बघितलं तर त्यातूनही शेतांचे बांध दिसतात. ३५,००० फुटांवरून क्षितिज म्हणे साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे असतं, हिशोबाने बरोबरच आहे, पण त्यातलं किती आपल्या वाट्याला येणार ते हवा आणि ऊन मिळून ठरवतात.

खरं तर ही अक्कल आपल्या लोकांना नवीन नाहीच. स्वारगेटला एसटीत चढताना कोणीही शहाणा माणूस आधी विचारायचा, ऊन कुठल्या बाजूला येईल? सकाळी कोल्हापूरला निघालात तर गाडी दक्षिणेला जाणार, म्हणजे ऊन डावीकडे, म्हणजे रुमाल टाकायचा तो उजव्या खिडकीतून. हे कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. विमानात बसलं की मात्र हीच माणसं ते विसरतात. का, तर तिथे एसी असतो, ऊन लागत नाही.

न विसरलेली एकच व्यक्ती मला माहीत आहे ती म्हणजे आमची आत्या. डिसेंबरात नागपूरला लग्न होतं, सकाळची फ्लाइट, आम्ही दोघंच आधी जाणार होतो. मी सीटा काढत होतो आणि ती कोथरूडहून फोनवर.

"आत्या, खिडकी हवी ना तुला?"

"हवी तर. पण उन्हाची नको रे बाबा, माझे डोळे दुखतात."

"मग ए घेतो, डावीकडची. खिडकीचे वेगळे पैसे लागतात हां."

"खिडकीचे? आणि मधे बसणाऱ्याला सूट देतात का मग?"

मी म्हटलं नाही. ती म्हणाली, लुटारू मेले, आणि घे म्हणाली.

आता पुणे-नागपूर हा मार्ग कोणाच्याही ‘सुंदर हवाई प्रवास’ वगैरे यादीत नसतो, आणि मला तर तो सगळ्यात आवडतो. विमान साधारण ईशान्य-पूर्वेला जातं. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडूनच चालतो, म्हणजे जाताना ऊन उजवीकडे आणि डावी बाजू, ए, सावलीची. आणि योगायोग असा की नकाशावर सरळ रेघ ओढली तर बघण्यासारखं बरंच काही त्या रेघेच्या उत्तरेलाच पडतं. नगर तर जवळजवळ खालीच येतं (अहिल्यानगर म्हणायचं आता, तोंडात बसायला वेळ लागतोय), मग डावीकडे पैठणचा नाथसागर. तो जमिनीवरून बघताना नुसतं अफाट पाणी वाटतो, वरून त्याची बोटं दिसतात, गोदावरीला येऊन मिळणारे जुने ओढे पाण्याखाली गेलेत त्यांच्या वाटेने पाणी आत आत शिरलेलं. आणि मग लोणार.

लोणार दिसणं हे त्या दिवशी विमान कुठून नेलंय त्याच्यावर आहे, विमान काही पट्टी लावून आखलेल्या रेघेवरून जात नाही, हवामान, इतर विमानं, कंट्रोलवाले काय सांगतील ते. पण सरळ रेघ लोणारच्या थोडी दक्षिणेकडून जाते, पंधराएक किलोमीटर, म्हणजे डाव्या खिडकीतून खाली तिरकं बघितलं की ते नेमकं नजरेच्या टप्प्यात. अगदी पायाखाली असतं तर दिसलंच नसतं. आम्हाला दिसलं. सगळीकडे चौकोनी शेतं, कापूस निघून गेलेली, तुरीची, रब्बीची, आणि मधेच एक गोल. बसाल्टमध्ये उल्का आदळून झालेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, त्याची कडा किंचित उचललेली, आत उतारावर गडद झाडीचं कडं आणि मधे हिरवट पाणी. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं आणि लॉकडाउनमध्ये घरी बसून सगळ्यांनी ते फोटोत बघितलं होतं. ऊन आमच्या पाठीकडून येत होतं म्हणून आतल्या उताराचा एक भाग उजळ आणि एक सावलीत असा स्पष्ट फरक होता, खोली कळत होती. आत्याने कपाळ खिडकीला लावलं. ती तरुणपणी मैत्रिणींबरोबर तिथे खाली कमळजा देवीच्या देवळापर्यंत उतरली होती.

"अगं बाई, आम्ही चढताना रडकुंडीला आलो होतो, आणि हे तर परातीएवढं आहे!"

पलीकडच्या रांगेतले लोक त्या वेळी पडदे ओढून झोपले होते, कारण त्यांच्या तोंडावर ऊन येत होतं. येताना संध्याकाळची फ्लाइट असेल तर सूर्य नैर्ऋत्येला, विमान उलट्या दिशेने, म्हणजे एफ. तेव्हा पुन्हा तीच उत्तर बाजू.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर मे महिन्यात कोणीतरी माझ्यावर चिडेल. सूर्य नेहमी दक्षिणेकडे हा हिवाळ्याचा नियम आहे. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी तो चक्क आपल्या उत्तरेला असतो. दिल्लीकरांना हा प्रश्न नाही, त्यांच्या डोक्यावर तो कधी येतच नाही, दुपारी कायम दक्षिणेला. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारच्या फ्लाइटला खरंच बाजूने फरक पडत नाही, दोन्हीकडे सगळं सपाट, रंग उडालेलं दिसतं, तेव्हा पैसे वाचवा.

पावसाळ्यात मात्र सावलीच्या बाजूला जे मिळतं ते दुसरीकडे मिळूच शकत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर लोक इंद्रवज्र बघायला जातात ना, सकाळी पाठीमागे सूर्य, समोर खालून दरीतून वर येणारं धुकं, आणि त्याच्यावर आपल्या सावलीभोवती पूर्ण गोल रंगीत कडं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ते पाहून लिहून ठेवलं, तेव्हापासून ट्रेकर मंडळी तिथे पहाटे उठून कुडकुडत बसतात आणि बहुतेक वेळा नुसतं धुकं बघून परत येतात. तेच इंद्रवज्र विमानातून बघायचं असेल तर एवढंच लागतं की खाली ढगांचा थर असावा, आपण त्याच्या वर असावं आणि सूर्य आपल्या पाठीकडे. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातून निघालात की पहिल्या दहा मिनिटांत हे सगळं जमून येतं. ढगातून वर आलं की खाली ढगांवर विमानाची सावली पडलेली असते, चांगली मोठी, शेपटीसकट, आणि तिच्याभोवती कडं, आत पिवळसर, बाहेर लाल, कधी त्याच्या बाहेर दुसरं फिकट कडं. विमान वर जाईल तशी सावली लहान होत जाते, पण कडं तेवढंच राहतं. मग सावली दिसेनाशीच होते आणि नुसतं कडं ढगांवरून पळत राहतं. त्याचा आकार ढगातल्या थेंबांवर असतो, थेंब बारीक तर कडं मोठं, म्हणून एका ढगावरून दुसऱ्या ढगावर गेलं की ते श्वास घेतल्यासारखं कमी-जास्त होतं. आणि यातली खरी गंमत मला फार उशिरा कळली, सावली मोठी असताना नीट बघा, कड्याचं केंद्र सावलीत नेमकं तिथे असतं जिथे आपण बसलोय. पुढे बसलात तर ते पंखाच्या पुढे, मागे बसलात तर शेपटीजवळ. म्हणजे विमानात त्या बाजूला जितके लोक बघतायत तितकी कडी, आणि प्रत्येकाचं आपापल्या सीटवर.

ढग नसले तरी त्या जागेवर लक्ष ठेवा. खूप उंचावरून विमानाची सावली जमिनीवर उमटतच नाही, पण जिथे ती असायला हवी तिथे झाडांवरून, उसावरून एक उजळ ठिपका आपल्याबरोबर पळत असतो. त्या ठिकाणच्या प्रत्येक पानाची सावली त्याच पानामागे लपलेली असते म्हणून तो भाग जरा जास्त उजळ दिसतो, बाकी काही नाही.

आता दिल्ली. पुणेकर सगळ्यात जास्त दिल्लीलाच जात असतील कामाला, आणि सकाळच्या सहा-सातच्या फ्लाइटला सगळे माना टाकून झोपतात. विमान उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून जातं, सकाळी ऊन उजवीकडे, म्हणजे ए. आणि डावीकडे कोण आहे, तर आपला सह्याद्री, कोवळ्या उन्हात. चाकण, राजगुरुनगर मागे पडलं की जुन्नर तालुका सुरू होतो, धरणांचा नुसता सडा, आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ वेधशाळेच्या दुर्बिणी. एकूण ३० अँटेना, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची, त्यातल्या १४ मधे जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना लांब पसरलेल्या. विमान अजून चढत असतं त्यामुळे त्या दिसतात, शेतात सांडलेले पांढरे ठिपके, आणि एकदा एक ओळखली की बाकीच्यांची रांग आपोआप सापडत जाते. द्राक्षांच्या बागा, टोमॅटो, मधेच आकाशातल्या रेडिओ लहरी पकडणारी ही भांडी. मग लांब डावीकडे हरिश्चंद्रगड, कळसूबाई.

आणि ते दगडांचे थर. आपण पुण्यात जन्मभर राहतो, पर्वतीला जातो, सिंहगडला भजी खातो, पण हे सगळं लाव्हाचे एकावर एक थर आहेत हे जमिनीवरून डोक्यात शिरत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वगैरे पुस्तकात वाचलेलं असतं. वरून, सकाळच्या तिरक्या उन्हात, प्रत्येक डोंगराभोवती आडव्या रेघा दिसतात, काळा कडा, मग गवताची पट्टी, पुन्हा कडा, आणि या डोंगराची रेघ दरी ओलांडून समोरच्या डोंगरावर त्याच उंचीला जुळते. पावसाळा संपताना गवत हिरवं असतं तेव्हा तर कोणीतरी लेव्हल लावून आखल्यासारखं. हे उन्हाच्या बाजूने बघायला गेलात तर काळपट आकृतीच दिसेल फक्त. पुढे तापी, मग बडवानीच्या आसपास नर्मदा, आणि त्यानंतर मी पण झोपतो.

दिल्लीहून संध्याकाळी परत येताना विमान दक्षिणेला, ऊन पश्चिमेला म्हणजे उजवीकडे. म्हणून पुन्हा ए! जातानाही ए आणि येतानाही ए हे लोकांना पटत नाही, त्यांना वाटतं मी चुकतोय. शिवाय इथे सूर्यास्तवाले भांडायला उठतात. तर सूर्यास्ताबद्दल माझं म्हणणं असं की तो खिडकीतून दहा मिनिटं छान दिसतो, त्याच्या आधी तासभर तुम्ही पडदा खाली ओढून बसलेले असता. आणि सूर्य मावळल्यावर खरा खेळ पूर्वेकडे असतो. क्षितिजावर निळसर-राखाडी पट्टा वर चढायला लागतो, त्याच्यावर गुलाबी रंग. तो पट्टा म्हणजे ढग किंवा धूर नाही, ती पृथ्वीची सावली आहे, हवेवर पडलेली. वेताळ टेकडीवरूनही दिसते, पण इमारती आणि धूळ यांच्यातून जेमतेम. विमानातून ती इतकी स्वच्छ असते की तिची वरची कड बोटाने दाखवता येते. मी एकदा शेजारच्या काकांना दाखवली. ते "अच्छा, पोल्युशन" म्हणाले आणि सँडविच खायला लागले.

आता न्यायाने बोलायचं तर उन्हाच्या बाजूची एक गोष्ट मी मान्य करतो. पाणी. सूर्याचं प्रतिबिंब जमिनीवरून आपल्याबरोबर सरकत असतं आणि त्याच्या वाटेत जे जे पाणी येतं ते क्षणभर पेटतं. दुष्काळी भागातली ती शेततळी, प्लास्टिकचा कागद अंथरलेली, एरवी वरून ओळखूही येत नाहीत, पण ती एकामागून एक लखकन चमकत जातात, मग एखादा पाझर तलाव, मग कॅनॉल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार तापल्यासारखा. पाऊस बरा झाला असेल तर मोजता मोजता दमायला होतं, आणि वाईट झाला असेल तर तेही तिथूनच कळतं. आणि ट्रेकवाल्यांना पण सूट. त्यांना संध्याकाळी येताना एफ घेऊन अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांच्या आकृत्या ओळखत बसायचं असतं, त्यांच्याशी कोण वाद घालणार.

पुण्याच्या टेकऑफ-लँडिंगची बाजू आधी सांगता येत नाही, कारण लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि वारा कुठून आहे त्यावर दिशा ठरते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमान बहुतेक पश्चिमेकडे तोंड करून उडतं, मग शहर डावीकडे, येरवडा, नदी, लांबवर पर्वती, आणि उजवीकडे दिघी, आळंदी, इंद्रायणीचं वळण. उतरताना पूर्वेकडून आलात तर खराडीच्या काचेच्या इमारती डावीकडे. सगळे आपापलं घर शोधत असतात, आणि ‘ती बघ आपली सोसायटी’ म्हणून जी दाखवली जाते ती सहसा दुसरीच असते. विमानतळ हवाई दलाचा आहे, फोटो काढायला बंदी आहे आणि तशी अनाउन्समेंटही होते, तरी मोबाइल वर निघतातच. खाली ठेवा की जरा.

बाजू ठरली की रांग. साध्या एअरबसमध्ये साधारण दहाव्या ते विसाव्या रांगेत खाली पंखच दिसतो. पंखाच्या मागे बसलात तर इंजिनाच्या गरम हवेतून बघावं लागतं, सगळं थरथरतं. म्हणून पुढे, जमेल तेवढं. बोइंग ७३७ मध्ये डावीकडे पंखाच्या जरा पुढे एखाद्या रांगेला खिडकीच नसते, आतून एसीची नळी गेलेली असते, आणि त्या भिंतीचेही पैसे खिडकीएवढेच घेतात. एटीआर, म्हणजे ते पंख्यांचं छोटं विमान, मिळालं तर रांग बघायची गरज नाही, पंख डोक्यावर असतो, कुठेही बसा, शिवाय ते खालून उडतं त्यामुळे गुरं सुद्धा दिसतात. त्याच फ्लाइटचा मागच्या चार दिवसांचा मार्ग फ्लाइटरडार या विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या साइटवर बघून ठेवला तर सगळ्यात उत्तम.

हिमालयाचं काय, असं विचारणारे आहेतच. दिल्लीहून काठमांडू किंवा बागडोगरा, डावीकडे, परत येताना उजवीकडे, तिथे ऊनबिन विसरा. लेहला दोन्हीकडे डोंगरच आहेत. पण त्या फ्लाइट सकाळी असतात, म्हणून ए, नून-कून ही शिखरं त्याच बाजूला येतात आणि उन्हात उजळलेली असतात. उजवीकडच्यांना त्सो मोरीरी तलाव दिसेल, डोळे बारीक करून.

राहिला रात्रीचा प्रवास. दहानंतरची फ्लाइट असेल तर मी खिडकीला पैसे देत नाही, आइल घेतो आणि उतरताना सगळ्यात आधी उठून उभा राहतो, बाकीच्या पुणेकरांसारखा. अपवाद फक्त एप्रिल-मे. वळवाचे ढग लांब कुठेतरी विदर्भात नाहीतर माळव्यात आतून पेटत असतात, आवाज काही नाही, आणि ते कुठल्या बाजूला असतील हे कोणीच सांगू शकत नाही. तेव्हा मला फोन करू नका.